निळाच आहे

आमच्या भावजयीला अख्खी गल्ली सुईबाई म्हणते. नुसतं नाव ऐकून कुणाला वाटेल, बाई टोचून बोलणारी असणार. ते काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. ती मुळी बोलतच नाही. रक्त तपासायच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं तिनं लोकांचं रक्त काढलं आणि त्या कामाला फक्त दोन वाक्यं लागतात. आधी "मूठ आवळा" आणि नंतर "झालं". मधलं सगळं हातानं. हाताला असा गुण, की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते माणसाला कळायचं नाही. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी लोक हिच्या खुर्चीसाठी ताटकळत बसायचे.

मग हिला शिक्षिका व्हायचं खूळ कुठून लागलं? तर लॅबमध्ये एकदा एक चिमुरडी आली. रडून रडून लाल झालेली. तिनं विचारलं, "माझं रक्त तुम्ही कुठे नेता?" दुसरी कुणी असती तर चॉकलेट देऊन वाटेला लावलं असतं. हिनं तिला उचलून आत नेलं, स्टुलावर उभं केलं आणि सूक्ष्मदर्शकातून तिचंच रक्त दाखवलं. पोरगी रडायची थांबली आणि म्हणाली, "एवढे सगळे गोल माझेच?" बाहेरच्या माणसाला आत घेतलं म्हणून लॅबच्या साहेबांनी हिची खरडपट्टी काढली. पण त्या संध्याकाळी चहाच्या वेळी ही कधी नव्हे ते आपणहून बोलली. म्हणाली, "ताई, मला शिकवायचंय."

मी हसले. कुणीही हसलं असतं. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाका एवढं सांगायला जी सासूला दारात पुढे करते, ती वर्गभर पोरांसमोर काय उभी राहणार? मी भाषा शिकवते, शाळेत माझा जन्म गेलाय. आठवीचा वर्ग काय चीज असते ते मला विचारा. माझा भाऊ नेहमीप्रमाणे "बघ बुवा" म्हणाला. तो लग्नाच्या वेळीसुद्धा "बघ बुवा" एवढंच म्हणाला होता. आई मटार सोलत होती. ती म्हणाली, "काय म्हणाली गं ही? मला ऐकू नाही आलं."

पदवी विज्ञानाची होतीच. लॅब सोडून ती शिक्षकांच्या कॉलेजात जायला लागली. लेखी पेपर सगळे चांगले गेले. पण या शिक्षणाचा खरा कस लागतो तो सराव पाठांत. शिकाऊ शिक्षकानं एखाद्या शाळेत जाऊन रोज खऱ्या वर्गाला शिकवायचं आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर एक पाठ द्यायचा. मागच्या वर्षी त्या शेवटच्या पाठाला मागच्या बाकावरून परीक्षक म्हणाले, "बाई, इकडे काही ऐकू येत नाहीये." झालं. होता नव्हता तो आवाजही गेला. तास संपेपर्यंत ही हातात खडू धरून उभी, आणि वर्ग हिच्याकडे बघतोय. अर्थात नापास.

पुन्हा एकदाच बसता येतं, असा नियम आहे. यंदा नाही जमलं तर सगळं शिक्षण पाण्यात. लॅबमधल्या तिच्या खुर्चीवर एव्हाना दुसरी मुलगी बसली होती, आणि ती म्हणे चांगलं काम करत होती. म्हणजे मागची वाटही बंद. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण मी वरच्या मजल्यावर राहते, जिना उतरून खाली चहाला गेलं की मला ते चेहऱ्यांवर दिसायचं.

अशात यंदाच्या सराव पाठांसाठी तिला नेमकी आमची शाळा मिळाली. वर्ग आठवीचा, आणि त्या वर्गाच्या आणि माझ्या नववीच्या वर्गाच्या मधे लाकडी घडीचं पार्टिशन. त्याच्या दोन फळ्यांमधे फट आहे आणि त्या फटीतून पलीकडचं सगळं दिसतं. देवानं माझ्यासारख्या बाईला अशी जागा द्यायला नको होती.

मी तिला आधीच बजावलं, "शाळेत मी मॅडम. ताई फक्त घरी. आणि तुझ्यासाठी मी कुणापाशी शब्द टाकणार नाही."

"नकाच टाकू," ती म्हणाली. मला त्याचाही राग आला. निदान थोडी गळ तरी घालायची!

आता या आठवीबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत दरवर्षी शिकाऊ शिक्षकांचे तांडे येतात. त्यामुळे पोरं यात मुरलेली आहेत. शिकाऊ शिक्षकाला धडा एकदम सुरू करायची मुभा नसते. आधी आडवळणानं चार-पाच प्रश्न विचारायचे, मुलांच्या तोंडून विषय काढून घ्यायचा आणि मग फळ्यावर शीर्षक लिहून म्हणायचं, "आज आपण अमुक अमुक अभ्यासणार आहोत." हे सगळं टाचणात आधी लिहून आणायचं, मुलांनी द्यायच्या उत्तरांसकट. मुलांनी काय उत्तर द्यायचं तेही शिक्षकच घरून लिहून आणतो! मला या प्रकाराचं कायम हसू येतं.

पहिल्या दिवशी भावजयीनं विचारलं, "सकाळी उठल्यावर केस विंचरताना आपण कशात बघतो?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "आरशात! प्रकाशाचे परावर्तन! आज आपण प्रकाशाचे परावर्तन अभ्यासणार आहोत!"

हिच्या हातात अजून चार प्रश्न शिल्लक. ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. फटीतून बघताना मला हसू आवरेना आणि जीवही तुटत होता. दोन्ही एकदम होतं माणसाचं. नशीब, मागच्या बाकावर विज्ञानाचे सर बसले होते. ते तिचे मार्गदर्शक. स्टाफरूममध्ये त्यांना 'बरोबर सर' म्हणतात, कारण कुणीही काहीही बोललं तरी ते मान हलवत "बरोबर, बरोबर" म्हणतात. माणूस देवमाणूस. त्यांची एकच इच्छा असते, तास सुरळीत पार पडावा आणि कुणाला त्रास होऊ नये.

तास संपल्यावर ते तिला म्हणाले, "घाबरू नका हो. ही पोरं हुशार आहेत. तुम्हाला हवं ते उत्तर देतात. उत्तर आलं की 'शाब्बास' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. परीक्षकांना दुसरं काय हवं असतं?"

"पण त्यांना ते समजलेलं असतं का सर?" तिनं विचारलं.

"बरोबर, बरोबर," सर म्हणाले आणि डबा खायला गेले.

त्यानंतर रोज हेच. पंखा खडखडायचा, मैदानावर शिट्टी वाजायची, आणि या सगळ्याच्या खाली हिचा आवाज, कपाटाखाली अडकलेल्या मांजरीसारखा. मागच्या बाकावरची पोरं आपापसात खाणाखुणा करायची. वर्गाची मॉनिटर ही दोन वेण्यांची एक ठसकेबाज मुलगी. तीच उठून म्हणायची, "ए, गप्प बसा, मॅडम काहीतरी बोलतायत!" शिक्षिकेचा आवाज ऐकू यावा म्हणून मॉनिटरनं वर्ग शांत करायचा, यापरता अपमान नाही. पण आमची बाई तिला मनापासून "थँक्यू" म्हणायची.

संध्याकाळी खाली तालीम. भावजय ओट्यापाशी उभी राहून शिकवणार, भाऊ आणि मी विद्यार्थी, आणि आई आतल्या खोलीत पलंगावर. आईला एका कानानं कमी ऐकू येतं. तिला ऐकू आलं की आठवीला ऐकू येणार, असा आमचा हिशोब. भावजय सांगायची, "आम्लाची चव आंबट असते." आतून आवाज यायचा, "कोण आलंय?" आम्ही म्हणायचो, "कुणी नाही आई, आम्ल आलंय." "बसायला सांगा," आई म्हणायची. एकदा तर मी चिडले. म्हटलं, "अगं, घशात काय अडकलंय तुझ्या? ओरड की जरा! माणसं ओरडतात!" ती म्हणाली, "ताई, लॅबमध्ये कुणाच्या अंगावर ओरडलं तर त्याची शीर आत दडून बसते."

तरी एक गोष्ट मला त्या फटीतून दिसायला लागली, आणि ती कबूल करायला माझ्या जिवावर येत होतं. बोलायची वेळ आली की हिची गाळण उडायची. पण हातात परीक्षानळी आली की ही निराळीच बाई व्हायची. प्रयोग करताना ती एक अक्षर बोलायची नाही. ड्रॉपर उचलायची, प्रकाशापुढे धरायची, एक थेंब सोडायची आणि थांबायची. तिच्याबरोबर अख्खा वर्ग थांबायचा. ज्या वर्गाला गप्प करताना मी खडूचे तुकडे फेकते, तो वर्ग एका थेंबासाठी श्वास रोखून बसायचा. थेंब पडला की ती म्हणायची, "झालं." पोरं "हुश्श" करायची. मग वर्गातल्या एका मुलीला शोध लागला की या आपल्या गल्लीतल्या सुईबाई. तेव्हापासून पोरं प्रयोग सुरू व्हायच्या आधी आपणहून म्हणायला लागली, "मूठ आवळा रे!" आणि सगळे मुठी आवळून बसायचे.

पोरांना ती आवडायला लागली होती. मी पार्टिशनच्या अलीकडून सांगते, ते कळतं. आवडत्या शिक्षकाच्या तासाला बाक कमी वाजतात. मला बरं वाटलं. थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू?

पण आवाज काही फुटेना. आणि शेवटच्या पाठाचा दिवस उजाडला.

विषय होता आम्ल आणि आम्लारी. तयारी साधी. निळा लिटमस कागद आम्लात बुडवला की लाल होतो, लाल कागद आम्लारीत बुडवला की निळा होतो. आम्ल म्हणून व्हिनेगर, तेही पोरांच्या अंगावर उडालं तर चटका बसू नये म्हणून भरपूर पाणी घालून पातळ केलेलं. असल्या बाबतीत ही बाई फार जपते. सकाळी लवकर येऊन तिनं परीक्षानळ्या स्वतः धुतल्या, पुसल्या, स्टँडमध्ये लावल्या. मधल्या सुट्टीत तिला मुख्याध्यापिकांच्या खोलीत परीक्षक बाईंना भेटायला बोलावलं. या बाई पांढऱ्या केसांच्या, बारीक चणीच्या, आणि खोकल्याची गोळी गालात धरून बोलणाऱ्या. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळायचं नाही.

सुट्टी संपली. मी नववीला निबंध लिहायला लावला, 'माझा आवडता प्राणी'. एक जण म्हणाला, "मॅडम, हा तर मागच्या आठवड्यात लिहिला." म्हटलं, "मग या आठवड्यात प्राणी बदल!" आणि मी खुर्ची फटीपाशी ओढून बसले. मला स्वतःच्या पहिल्या पाठाला एवढी भीती वाटली नव्हती.

सुरुवात ठीक झाली. प्रश्न विचारले, उत्तरं आली, शीर्षक फळ्यावर गेलं. पोरांनी त्या दिवशी स्वतःला इतकं आवरलं होतं की विषय आधी कुणी ओरडलं नाही. तिसऱ्या प्रश्नानंतरच ओरडले, टाचणात होतं तसं. मला त्या पोरांना जाऊन मिठी मारावीशी वाटली. मागे परीक्षक बाई आणि त्यांच्या शेजारी बरोबर सर. आवाज बारीकच, पण निदान चालू होता.

मग प्रयोग. तिनं पहिली नळी उचलली, बाटलीतून थोडंसं व्हिनेगर तिच्यात सोडलं. निळ्या कागदाची पट्टी चिमट्यात धरली. पोरांनी मुठी आवळल्या. पट्टी आत गेली. ती थांबली, वर्ग थांबला. पट्टी बाहेर काढून तिनं उंच धरली आणि टाचणातला प्रश्न विचारला, "कागदाचा रंग कोणता झाला?"

"लाल!" वर्ग गरजला. "लाल झाला, मॅडम!"

मागून सवयीनं बरोबर सर म्हणाले, "बरोबर, बरोबर."

आणि कागद होता निळा. लख्ख निळा. मला फटीतून दिसत होता. पहिल्या बाकावरच्या पोरांना तर नाकासमोर दिसत होता. ती सगळी डोळ्यांनी निळा बघत होती आणि तोंडानं लाल म्हणत होती. आपल्या मॅडमचा पाठ बुडू नये म्हणून वर्ग एकजुटीनं, प्रेमानं, घसा ताणून खोटं बोलत होता. परीक्षक बाई मागे, चष्मा लावूनही त्यांना तिथून बोटभर कागदाचा रंग काय दिसणार? पोरं लाल म्हणतायत, टाचणात लाल लिहिलंय, मार्गदर्शक सर बरोबर म्हणतायत.

मी मनात म्हणत होते, पुढे जा. अगं बाई, 'शाब्बास' म्हण आणि पुढे जा. दुसरी नळी घे. कुणाला कळणार नाही. हो, मीच हे म्हणत होते, मोठी तत्त्वाची बाई! तिच्या जागी मी असते तर गेलेच असते पुढे.

ती गेली नाही. ती त्या कागदाकडे बघत राहिली. तोंड बंद. एक क्षण गेला, दुसरा गेला. मागच्या वर्षीसारखंच झालं, आता ही तास संपेपर्यंत अशीच उभी राहणार, सगळं संपलं, असं मला वाटलं. मागे परीक्षक बाईंनी पेन उचललं.

"नाही," ती म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. इतकं मोठ्यानं की माझ्या वर्गातल्या पोरांनी निबंधातून माना वर केल्या.

"नाही. निळाच आहे. नीट बघा. निळाच आहे हा."

मॉनिटर हळूच म्हणाली, "पण मॅडम, लालच व्हायला पाहिजे ना? पुस्तकात..."

"व्हायला पाहिजे ते वेगळं आणि झालंय ते वेगळं. मी लॅबमध्ये होते. तिथं समोर एक दिसतंय आणि मी कागदावर दुसरंच लिहिलं, तर कुणालातरी भलतंच औषध जातं. एखाद्या आईला. एखाद्या तुमच्याएवढ्या मुलीला. मला आवडेल म्हणून उत्तर देऊ नका. डोळ्यांना दिसतंय तेच सांगा. कोणता रंग आहे?"

"निळा," वर्ग म्हणाला. या वेळी एका सुरात नाही. कुणी आधी, कुणी नंतर, एक जण तर बाकावरून उठून जवळ येऊन बघून गेला आणि मग म्हणाला, "निळाच आहे राव."

ती कागद घेऊन तरातरा मागे गेली आणि परीक्षक बाईंच्या पुढ्यात धरला. "बघा, निळा आहे." बरोबर सरांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांचीच परीक्षा चालली आहे. परत पुढे येत ती म्हणाली, "लॅबमध्ये असं झालं की आम्ही काय करतो? पुन्हा करतो. पुन्हा करू."

पुन्हा केलं. पुन्हा निळाच. आणि मग काय झालं ते मी एवढ्या वर्षांत आमच्या आठवीत बघितलं नव्हतं. त्या वर्गाला प्रत्येक शिकाऊ शिक्षकाचं प्रत्येक उत्तर पाठ होतं. आता पहिल्यांदाच त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं. एक म्हणाला, कागद खराब असेल. दुसरी म्हणाली, व्हिनेगर शिळं असेल. "कसं शोधायचं?" ही विचारते. टाचणात यातलं अक्षर नव्हतं. तिनं बाटलीच्या झाकणात दोन थेंब व्हिनेगर घेतलं आणि त्याच डबीतली नवी पट्टी त्यात टेकवली. पट्टी लाल झाली.

"म्हणजे कागद चांगला, व्हिनेगरही चांगलं. मग राहिलं कोण?"

"नळी!" पोरं बाकांवर गुडघे टेकून उभी राहिली होती.

तिनं लाल कागद घेतला आणि त्याच नळीत बुडवला. तो निळा झाला. "नळीत आम्लारी आहे," ती म्हणाली. "कुठून आली? सकाळी मी नळ्या स्वतः धुतल्यात."

मॉनिटरचा चेहरा पडला. ती उभी राहिली आणि वेणीचं टोक चावत म्हणाली, "मॅडम, मी पुन्हा धुतल्या. सुट्टीत. घरून धुण्याचा सोडा आणला होता. त्या बाई येणार म्हणून... नळ्या एकदम चकचकीत दिसाव्यात म्हणून." आणि तिला रडू फुटलं. "नुसत्या पाण्यानं खळबळायच्या होत्या, पण तेवढ्यात घंटा झाली."

वर्गातून "अगंगंगं" असा एक सूर निघाला. मी कपाळावर हात मारला. चकचकीत दिसाव्यात म्हणून! असली चूक प्रेमातच होते.

आणि आमची भावजय हसली. परीक्षकांसमोर, भर पाठात, खळखळून. म्हणाली, "अगं, रडतेस काय? मूठ आवळ. आता मला सांग, सोडा आंबट असतो की बुळबुळीत?" ती मुलगी नाक पुसत म्हणाली, "बुळबुळीत." मग सोड्यानं आम्लाचा जोर कसा मारला, ते त्या पोरांनीच बडबडत, भांडत शोधून काढलं. तो भाग पुढच्या धड्यातला होता. उजळणीचे प्रश्न राहिले, गृहपाठ राहिला, टाचणाचा अर्धा कागद तसाच राहिला आणि घंटा वाजली.

माझा मात्र जीव पुन्हा टांगणीला लागला. उजळणी आणि गृहपाठ यांना वेगळे गुण असतात. पाठ पुरा न करणारा शिकाऊ शिक्षक नापास झालेला मी या डोळ्यांनी बघितलाय. परीक्षक बाई, बरोबर सर आणि भावजय विज्ञानाच्या खोलीत गेले आणि दार लागलं. मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. शिपाई म्हणाला, "मॅडम, तुमचा तास नाही का?" मी त्याच्यावर खेकसले. नववीतली पोरं दारातून डोकावून बघत होती. सगळ्यांचे आवडते प्राणी अर्धवट राहिले होते.

दार उघडलं. ती बाहेर आली आणि सरळ नळापाशी जाऊन हात धुवायला लागली. सवय. लॅबमधून निघताना धुवायची तशी, नखांपर्यंत.

"अगं, काय म्हणाल्या?" आपण शाळेत आहोत हे मी साफ विसरले होते.

"त्यांनी विचारलं, पाठ टाचणाप्रमाणे चालला होता, मुलांचं उत्तरही आलं होतं, मग तुम्ही थांबलात का?"

"मग?"

"मी म्हटलं, रंग निळा होता."

"एवढंच? आणखी काही सांगायचं नाही का?"

"एवढंच होतं ना, ताई." तिनं नळ बंद केला. "मग त्या म्हणाल्या, उजळणी घेतली नाहीत, त्याचे गुण मी कापणार. मग गोळी या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणाल्या, निकाल यायचा तेव्हा येईल, पण घरी जाऊन पोटभर जेवा. तुमचं बोलणं मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच व्हरांड्याच्या कठड्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी तिलाच झापलं, "एवढा आवाज होता तर इतके दिवस कुठे ठेवला होतास? आमचे कान किटले 'मोठ्यानं बोल' सांगून!" ती हसत उभी होती, ओले हात हवेत धरून. बरोबर सर बाहेर आले आणि म्हणाले, "वाचलो हो. मी तर म्हटलं..." पण काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही. नुसती मान हलवत जिना उतरले.

संध्याकाळी भाऊ आल्या आल्या तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बघ बुवा, मी म्हणत नव्हतो?" तो काहीच म्हणत नव्हता. पण स्वारी इतकी खूश होती की मी त्याला सोडून दिलं. आईनं विचारलं, "मोठ्यानं बोललीस का गं?"

"हो आई."

"काय बोललीस?"

"नाही म्हणाले."

आई जरा विचारात पडली. "एवढंच? त्याला इतके दिवस लागले?" मग म्हणाली, "पण ऐकू आलं हं मला आत्ता." सगळे हसलो. त्या दिवशी तिनं खरोखरच पोटभर जेवण केलं. कित्येक आठवड्यांत तिला असं निवांत जेवताना मी पाहिलं नव्हतं. यथावकाश निकाल आला. पास. गुण बेताचे, उजळणीचे कापलेले. पण पास.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पाठाच्या दुसऱ्या दिवशी आठवीवर माझा तास होता. मी कविता शिकवली. चांगली शिकवली, मला माझं कळतं. शेवटी नेहमीसारखं फळा पुसायला वळता वळता विचारलं, "समजलं?"

"होऽऽऽ," वर्ग एका सुरात म्हणाला.

मी डस्टर उचललं. तेवढ्यात मागे बाक वाजला. मॉनिटर उभी होती. घाबरलेली, पण उभी.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मला नाही समजली."

इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, सगळ्यांना समजतं. पहिल्यांदा आला तो रागच. हे सगळं त्या सुईबाईचं काम, माझा वर्ग बिघडवून गेली! मग मी वर्गाकडे बघितलं. एक हात वर आला होता. मग आणखी एक, मग खिडकीपाशी तीन. पोरं माझ्याकडे बघत होती, मी आता काय म्हणते म्हणून.

मी डस्टर खाली ठेवलं. कवितेची पहिली ओळ अजून फळ्यावर होती.

"बसा," म्हटलं. "पुन्हा करू."